डबीवाले आणि पुडीवाले

लालबागच्या आमच्या चाळीत डोकेदुखीचे दोन पंथ होते. डबीवाल्यांचा विश्वास जाहिरातीतल्या, छापील नावाच्या लाल डबीतल्या गोळ्यांवर. पुडीवाले नाक्यावरच्या दवाखान्यात जायचे. तिथले कंपाउंडर खलात औषध घोटून कागदाच्या पुड्या बांधून द्यायचे. "खडूची पूड ती!" असं डबीवाले हिणवायचे. यावरून नळावर झाली तेवढी भांडणं पाण्यावरूनही झाली नसतील.

संयुक्त महाराष्ट्राच्या सत्याग्रहात वडील तुरुंगात गेले आणि आईचं डोकं जे धरलं ते सुटेना. मिलची पाळी तर चुकवता येत नव्हती. तिने दोन्ही डगरींवर हात ठेवला. सकाळी डबी, संध्याकाळी पुडी, ठणका वाढला की दोन्ही. पोटात धड अन्न नव्हतं. पाचव्या दिवशी भर दुपारी तिला काळपट उलटी झाली आणि मी दवाखान्याकडे धूम ठोकली.

डॉक्टर नव्हते, कंपाउंडरच धावत आले. उशाजवळची डबी उचलून त्यांनी तिच्यावरची बारीक अक्षरं वाचली आणि त्यांचा चेहरा उतरला.

"पोरी, नाव तेवढं वेगळं गं. माझ्या पुडीतही हेच ॲस्पिरिन आहे. वहिनींच्या पोटात दुप्पट गेलं."

टॅक्सी करून त्यांनी आईला परळच्या मोठ्या इस्पितळात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, काय घेतलं होतं? डबी पुढे करून कंपाउंडर मोकळे झाले असते. कागदाच्या पुडीवर कुणाचं नाव नसतं. पण ते म्हणाले, "साहेब, डबीतल्या गोळ्या आणि माझ्या पुड्या, दोन्ही. आणखी काय घेता, हे मी विचारलं नाही. चूक माझी." त्यांच्या पगारावर घरातली पाच माणसं जगत होती. असा धीट माणूस मी तोवर पाहिला नव्हता.

आई वाचली. पुढे दवाखान्यात डोकं धरून येणाऱ्या प्रत्येकाला ते घरातली औषधं आणून दाखवायला लावत. रांग खवळायची, पण ते ऐकत नसत.

आई घरी आल्यावर ते चाळीत आले आणि सगळ्यांदेखत तिच्यापुढे हात जोडून चुकलो म्हणाले. ते जिना उतरले न उतरले तोच शेजारीण आईच्या कानाशी लागली, "बघितलंस ना? आता तरी डबीच घे."

आई उशीला टेकून बसली होती. आपल्या मालवणीत म्हणाली, "माजा चुकला म्हणान सांगूक तुजी डबी येतली काय गो?"