साहेबांच्या गळ्यातलं उपरणं

"मॅडम, सायेब हालंनात," कोमल म्हणाली.

कोमल माझी विद्यार्थिनी, शिरूर कासारची. तिच्या हातात सेफ्टी रोप होता, म्हणजे उतरणाऱ्याच्या कमरेला बांधलेली जादाची दोरी. मुख्य दोरीला काही झालं तर माणूस हिच्यावर तरतो. धारूरजवळच्या एका कड्यावर आमच्या विद्यापीठाच्या साहस प्रशिक्षण कोर्सचं उद्घाटन चाललं होतं. प्रमुख पाहुणे म्हणजे आमच्या भागातले एक वयस्कर पुढारी. हौसेने रॅपलिंगला, म्हणजे दोरीवरून कडा उतरायला, तयार झाले होते.

"निसर्ग बघत असतील," आमचे विभागप्रमुख सर म्हणाले.

खाली हलगी जोरात होती. मी वाकून पाहिलं.

साहेबांचं उपरणं डिसेंडरमध्ये ओढलं गेलं होतं. डिसेंडर ही कमरेपाशी लावलेली धातूची कडी. दोरी तिच्यातून सरकते आणि वेग आवरतो. दोरीबरोबर उपरण्याचं टोक आत गेलं आणि गळ्याभोवतीचा वेढा आवळला. साहेबांची मान छातीवर वाकली होती. ओरडायला आवाजच फुटत नव्हता.

उतरायच्या आधी सत्कार झाला होता. फेट्यावर हेल्मेट बसत नाही, म्हणून फेटा मी काढायला लावला. मग उपरणं मागितलं.

"मॅडम, किती मान काढून घ्याल त्यांचा?" सर हळूच म्हणाले.

माझ्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. मला गिर्यारोहणाच्या कोर्सला पाठवलं ते याच सरांनी, आणि शिकवायची संधीही त्यांनीच दिली. त्यांचा शब्द मोडणं मला जड जातं. मी उपरणं साहेबांच्या जॅकेटमध्ये घट्ट खोचलं आणि दोरीच्या गाठी तपासायला वळले. तेवढ्यात फोटोग्राफर म्हणाला, "सायेब, उपरणं दिसू द्या की." साहेबांनी ते बाहेर काढलं. हे मला नंतर कळलं.

"सेफ्टी रोप लॉक कर," मी कोमलला सांगितलं आणि शेजारच्या दोरीला स्वतःला अडकवलं. एका कार्यकर्त्याने चाकू पुढे केला.

"कापून टाका मॅडम."

"ताणलेल्या दोरीला पातं नुसतं लागलं तरी ती तुटते. ठेवा खिशात."

मी साहेबांजवळ पोचले. चेहरा जांभळा पडला होता. वेढ्यात बोट शिरेना. फास सैल करायचा तर त्यांचं वजन डिसेंडरवरून काढायला हवं होतं. मी दोन्ही पाय कातळाला रोवले आणि मांडी पुढे केली.

"साहेब, माझ्या मांडीवर उभे राहा."

त्यांनी पाय मागे घेतला. मला वाटलं, कळलं नसेल. मी पुन्हा सांगितलं. त्यांनी पुन्हा पाय आखडला. तेव्हा माझ्या लक्षात आलं आणि मी हबकलेच. श्वास कोंडलेला माणूस बुटाचा पाय बाईमाणसाला लागू नये म्हणून धडपडत होता.

"तुडवा साहेब," मी ओरडले. "नाहीतर जीव जाईल तुमचा."

त्यांनी पाय दिला. मांडीतून कळ मस्तकात गेली. मी हात वर केला, ही आमची 'ओढा'ची खूण. वरच्या पोरांनी सेफ्टी रोप खेचला, वजन त्याच्यावर गेलं, डिसेंडर सैल पडला. मी उपरणं हिसकून काढलं. साहेबांनी घेतलेला पहिला श्वास करवतीसारखा वाजला.

मग हवेत लटकल्या लटकल्या त्यांनी मला हात जोडले.

"पाय लागला, लेकी."

खाली टाळ्यांचा कडकडाट चालू होता. माईकवरून निवेदक सांगत होता, "बचावाचं प्रात्यक्षिक अतिशय सुंदर झालेलं आहे." एक माणूस मरता मरता राहिला आणि मंडपात कुणाला पत्ता नव्हता.

खाली उतरल्यावर साहेबांनी भाषण दोन वाक्यांत आटोपलं. गळा बसला आहे, असं सांगितलं.

परतताना गाडीत सर म्हणाले, "पुढच्या वेळी मला गप्प करत जा."

"तुम्हाला कसं गप्प करू, सर?"

"मग सत्कारच नंतर ठेव."

तेव्हापासून आमच्याकडे सत्कार पाहुणे खाली उतरल्यावर होतो. फेटा-उपरण्याशिवाय, नुसतं हेल्मेट घालून फोटो काढायला तयार असणारे पाहुणे फार मिळत नाहीत. त्यावाचून कोर्सचं काही अडलेलं नाही.