वन्संनी सोडलेली फट

बातमी आली तेव्हा मी पौडच्या एसटी स्टँडसमोर हार्डवेअरच्या दुकानात होते आणि माझ्या पिशवीत सशांच्या पिंजऱ्यासाठी घेतलेल्या दोन लोखंडी कड्या होत्या. माझ्या थोरल्या नणंदेनं, शेवंतावन्संनी, आदल्या दिवशी दवाखान्यातून फोन करून त्या मागवल्या होत्या. "जुन्या गंजल्यात. दोन घे, कल्पना. एक असली तर मांजर पंजानं उचलतंय." हे त्यांचं माझ्याशी शेवटचं बोलणं. स्वतःच्या दुखण्याबद्दल अवाक्षर नाही, निरोपाची भाषा नाही... दीड महिना झाला, पण आठवलं की रडू येण्याआधी अभिमानच वाटतो.

वन्सं लग्नानंतर वर्षभरातच माहेरी परतल्या त्या कायमच्या. मी लग्न होऊन ताम्हिणीत आले तेव्हा रस्त्याकडेचा आमचा ढाबा त्याच चालवत. ससे त्यांनी हौसेनं आणले नव्हते. एका रविवारी जेवून गेलेल्या कुणीतरी बाकाखाली खोकं सोडलं, त्यात दोन पांढरे ससे. पोरांची हौस फिटली असणार. सासूबाई म्हणाल्या, रानात सोडा. वन्सं म्हणाल्या, "पांढरं जनावर रानात किती टिकंल? हितंच ऱ्हातील." त्यांनी ते कोंबड्यांच्या खुराड्यात ठेवले आणि चौथ्या दिवशी भरदुपारी मुंगसानं खालची माती उकरून एक नेला. वन्सं रडल्या नाहीत, पण त्या संध्याकाळी ढाब्याची चूल पेटली नाही. "आता एक बी कुणाच्या तोंडी जाणार न्हाई," एवढंच म्हणाल्या.

गोठ्याच्या कोपऱ्यात, घाटातल्या पावसाची झड पोचणार नाही अशा जागी, त्यांनी कमरेइतका उंच आणि चांगला लांबरुंद पिंजरा उभा केला. कोंबड्यांची जाळी कुत्रं दातानं फाडतं म्हणून जाड वेल्डिंगची जाळी, तीही हातभर जमिनीत पुरलेली. बुडाला फरशी, वर सुकं गवत, साप शिरेल एवढंही भोक कुठं नाही. वेल्डिंगवाला हसला, "आक्का, तुरुंग बांधताय का?" "व्हय," वन्सं म्हणाल्या, "पण चोर भायेर हायेत." हळूहळू गावोगावचे नको झालेले ससे आमच्याकडे यायला लागले.

पुढची चूक माझी. वन्सं नातेवाइकांकडे मुक्कामी गेल्या होत्या. राखणीला कुत्रा असलेला बरा, म्हणून मी आमचा काळू पिंजऱ्याला लागूनच बांधला. काळू गुणी, भुंकलासुद्धा नाही. नुसता सशांकडे बघत बसला. सकाळी राखाडी सशीण कोपऱ्यात ताठ पडलेली, अंगावर ओरखडा नाही. भीतीनंच गेली होती. वन्सं आल्यावर मी सगळं सांगून टाकलं आणि बोलणी खायची तयारी ठेवली. माझी नणंद तोंड सोडायची तेव्हा ढाब्यावरचे ट्रकवाले मान खाली घालून जेवायचे. पण त्यांनी पदर खोचला, पिंजऱ्याचं दार उघडलं आणि पन्नाशीची ती बाई रांगत आत जाऊन सशांमध्ये बसली. "काळूला काल हुता तितंच बांध." मी बांधला. बाहेर गिऱ्हाईक हाका मारतंय, कढईत भाजी करपतेय... वन्सं आपल्या आत गप्प बसलेल्या. बऱ्याच वेळानं बाहेर आल्या. "खालनं बघितलं की कुत्रं लई मोठं दिसतंय. जाळीनं दात आडलं, डोळं कुटं आडलं?"

दुसऱ्या दिवशी जाळीला आतून चारी बाजूंनी फळ्या लागल्या, वर हवेपुरती जाळी मोकळी ठेवून. मला मात्र त्या एका शब्दानं बोलल्या नाहीत, त्या दिवशी नाही आणि पुढंही नाही. बोलल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांनी मला माफ केलं की नाही, हे मी इतकी वर्षं मनात धरून होते.

त्यानंतर आमच्याकडचा एकही ससा असा गेला नाही. पुण्याजवळच्या सूसच्या सोसायटीतली माणसं गाड्या घेऊन पिंजऱ्याचं माप घ्यायला यायची. वन्सं टेप हातात द्यायच्या आधी त्यांना आत बसवायच्या. "बसा की. मग कळंल काय बांधायचं ते." कडक इस्त्रीच्या पँटीत गुडघ्यांवर रांगणारे साहेब मी खिडकीतून भाकरी थापता थापता बघायची. हसू यायचं आणि ही बाई आमच्या घरची आहे, म्हणून ऊर भरून यायचा.

दिवसकार्य झाल्यावर नव्या कड्या बसवायच्या म्हणून मी पिंजरा झाडायला घेतला आणि पहिल्यांदाच आत शिरले. एरवी कधी धीरच झाला नव्हता. सगळीकडे फळ्या, फक्त एका बाजूला दोन फळ्यांमध्ये चार बोटं फट. बाहेरून मी ती रोज बघत होते, फळी कमी पडली असेल असं धरून चालले होते. आता सशाच्या उंचीला डोकं नेऊन पाहिलं. रस्ता दिसत नव्हता, काळूची जागा दिसत नव्हती. दिसत होती स्वयंपाकघराची खिडकी, बरोबर मी उभी राहते ती.

फळ्या ठोकायला तेव्हा माझे यजमान होते. त्यांना विचारलं, फळी कमी पडली होती का?

"फळी हुती की," ते म्हणाले. "आक्कानंच लावू दिली न्हाई. म्हणली, कल्पना दिसू दे त्यास्नी. ती दिसली की भ्येत न्हाईत."

मी वरची कडी लावली, खालची लावली, आणि जाऊन खिडकीत उभी राहिले.