भिंतीवरचा आकडा

प्रज्ञा मॅडमने मला फसवलं नाही. मी तिला फसवलं.

हे मी आजवर कोणाजवळ बोललो नाही. बायकोजवळ नाही, मुलाजवळ नाही. याच्या नेमकं उलटं मात्र जागोजागी बोललो – कळमेश्वरला चहाच्या टपरीवर, लग्नाच्या पंगतीत, बँकेच्या रांगेत. आणि दर वेळी आवाज चढवून. आवाज चढवला की माणसं पुढचा प्रश्न विचारत नाहीत, हे मला धंद्याने शिकवलं.

माझा धंदा कूलरचा. पोरगा होतो तेव्हा दुसऱ्यांच्या कूलरच्या जाळ्यांत वाळा भरून द्यायचो. आज कळमेश्वरच्या औद्योगिक वसाहतीत माझं स्वतःचं शेड आहे. पत्रा कापण्यापासून रंगापर्यंत सगळं तिथेच होतं. मला कोणी हात दिला नाही, मीही कोणाला सूट दिली नाही. घासाघीस ही माझी विद्या. आणि त्या विद्येचा एकच नियम – आपला शेवटचा भाव समोरच्याला कळता कामा नये. बायकोलाही कळू देत नसे मी. ती साधी बाई, शेजारी बोलून जाईल. एवढा सावध माणूस. आणि तरी माझा शेवटचा भाव पुरुषभर उंच अक्षरांत भिंतीवर लागला. कसा?

थांबा. आधी तिच्याबद्दल सांगतो.

एका शाळासमूहाला त्यांच्या सगळ्या वसतिगृहांसाठी कूलर हवे होते. एवढी मोठी मागणी माझ्या दारी कधी आली नव्हती. पण त्यांची अट अशी की प्रत्येकाने समितीसमोर स्लाइड लावून आपला माल समजावायचा. मी आयुष्यभर पत्र्यावर बोटाचं हाड वाजवून माल विकला. भिंतीवर काय वाजवू? धरमपेठेतल्या एका चकचकीत क्लासला गेलो. तिथे नातवाच्या वयाच्या पोरांसोबत ‘झाडे वाचवा’ची स्लाइड करायला बसवलं. चित्राला गुलाबी चौकट कशी द्यायची ते शिकवत होते. मी मधूनच उठून आलो. राग आला होता म्हणून – की काही जमत नव्हतं म्हणून?

प्रज्ञा मॅडम जरीपटक्यात, साडीच्या दुकानावरच्या एका खोलीत शिकवायची. तिचा ठरलेला अभ्यासक्रम नव्हता. समोरच्याचा धंदा बघायचा, मग त्याच्याच मालावर, त्याच्याच बोलीत त्याला शिकवायचं, ही तिची रीत. ती माझ्या शेडमध्ये आली आणि एका कोपऱ्यात स्टुलावर बसून राहिली. मी एका गिऱ्हाइकाशी भांडत होतो. गिऱ्हाईक गेलं तशी म्हणाली, “भाऊ, तुम्ही बोलायच्या आधी पत्रा वाजवता. मग आपली पहिली स्लाइड तीच.”

तिने माझ्या हाताचा फोटो काढला – वाकडं बोट, नखात रंग. पत्र्याचा आवाजही भरून घेतला. कळ दाबली की भिंतीवर माझा हात यायचा आणि ‘टण्ण’ वाजायचं. खोटं कशाला बोलू, मी लहान पोरासारखा ते पुन्हा पुन्हा वाजवत बसलो. माझी बोटं जाड, एका कळेवर बोट ठेवलं की दोन दाबल्या जायच्या. तिने कपाळावरची टिकली काढून सुरू करायच्या कळेवर चिकटवली. “फक्त हीच दाबा. बाकीच्या तुमच्या नाहीत असं समजा.” माझ्यावर हसली नाही कधी. मी ओरडायचो तेव्हा पाण्याचा पेला पुढे सरकवायची, बस.

मग तिने टिपणांची गोष्ट शिकवली. स्लाइडच्या खाली आपण आपल्यासाठी चार शब्द लिहू शकतो. दोन पडदे वेगळे ठेवले तर लोकांना भिंतीवर फक्त चित्र दिसतं, टिपण आपल्या लॅपटॉपवर आपल्यालाच दिसतं. हे मला फार आवडलं. घासाघीस करणाऱ्याला आणखी काय हवं? त्या रात्री घरी बसून, एका बोटाने, मी पहिल्यांदा स्वतःच्या हाताने मराठीत टाइप केलं – “आधी म्हणायचं, यात माझं काहीच सुटत नाही. चेहरा पाडायचा. मग थोडं उतरायचं.” आणि त्याखाली आकडा. “याच्या खाली नाही.”

तिने सरावाच्या वेळी ते वाचलं. म्हणाली, “भाऊ, हे इथं नका ठेवू. डोक्यात ठेवा.”

मी भडकलो. “तू मले धंदा शिकवून राहिली काय? बटणं शिकव, बटणं!”

ती पुन्हा बटणं शिकवू लागली.

समितीसमोर स्लाइड लावायच्या दिवशी सकाळी ती माझ्याआधी हॉलवर पोचली होती. तारा जोडल्या, दोन्ही पडदे वेगळे केले, तपासून घेतलं. “आता याला हात लावायचा नाही,” म्हणाली, आणि मागे दाराजवळ जाऊन बसली. समिती पुढच्या रांगेत. बाकीचे पुरवठादारही तिथेच, त्यांच्यात माझ्याच लाइनीतला एक जुना स्पर्धक. आमच्या कारखानदारांच्या मंडळाचे एक पदाधिकारी पाहुणे म्हणून बसले होते. प्रज्ञा मॅडमचं त्यांच्याशी बोलणं चाललं होतं. वसाहतीतल्या सगळ्या युनिटांच्या माणसांना शिकवायचं काम तिला मिळणार होतं. खोली सोडून नीट जागा घेईन, असं तिने मला सांगितलंही होतं.

माझी पाळी आली. हात आला, टण्ण वाजलं, समिती खुशीत हसली. चांगलं चाललं होतं हो! आणि मग मला शंका आली. लॅपटॉपवर एक दिसतंय आणि माझ्या पाठीमागे भिंतीवर दुसरंच – मला न दिसणारं काहीतरी हे लोक बघत असतील तर? आयुष्यभर मी कोणाच्या वजनावर विश्वास ठेवला नाही, दुसऱ्याच्या तराजूकडे पाठ केली नाही. तिने लावलेल्या पडद्यावर कसा ठेवू? दोन्ही पडदे सारखे कसे होतात, हे तिने एकदा दाखवलं होतं, ‘कधी करू नका’ म्हणून. ते मला बरोबर आठवलं. मी हात घातला आणि दोन्ही पडदे सारखे करून टाकले. आता मला दिसतं तेच त्यांना दिसणार. मला बरं वाटलं.

त्यांना तेच दिसलं. टिपणांसकट.

समितीतल्या एकाने मोठ्याने वाचलं, “चेहरा पाडायचा.” सगळा हॉल फुटला. माझा स्पर्धक जागेवरून ओरडला, “काय गा भाऊ, रडाचं कोनत्या स्लाइडवर हाय?” मी वळून पाहिलं. भिंतीवर माझा आकडा होता. माझा शेवटचा भाव – अन् पुन्हा समोर पाहिलं तर तो स्पर्धक हा आकडा आपल्या मोबाइलमध्ये उतरवत होता.

आता मी ते सांगतो जे सांगायला बसलो आहे.

मी म्हणू शकलो असतो, चुकलं माझं. लोक आणखी थोडं हसले असते. पण मी दाराकडे बोट केलं. म्हणालो, “त्या बाईने टाकलं हे! समोरच्या पार्टीकडून पैसे खाऊन माझा भाव फोडला!” एवढ्यावर थांबलो नाही. टेबलावर हात आपटून ओरडलो, “याचा जबाब कोण देईल?”

हॉलचं हसू बंद झालं. सगळ्यांच्या माना मागे वळल्या, तिच्याकडे.

ती उठली. मला वाटलं, आता बोलेल. बोलली असती तर? लॅपटॉप समोरच होता, पडदे कोणी बदलले ते तिला एका नजरेत कळलं होतं. ती चालत पुढे आली, वाकून दोन कळा दाबल्या. भिंतीवरचा आकडा गेला, एकटा कूलर राहिला. वाकलेली असतानाच, फक्त मला ऐकू येईल असं म्हणाली, “काहून हात लावला, भाऊ?” आणि दाराबाहेर गेली. तिची पिशवी खुर्चीजवळच राहिली होती. ती कोणीतरी नंतर नेऊन दिली. मी नाही.

ते काम मला मिळालं नाही. त्याचं दुःख एक उन्हाळा टिकलं. तिचं काय गेलं ते ऐका. तिचं शिकवणंच असं होतं की माणसाला आपला धंदा तिच्यापुढे उघडावा लागायचा – भाव, गिऱ्हाइकं, आतली बोलणी. भाव फोडणाऱ्या बाईपुढे कोण उघडेल? मंडळाने बोलणं थांबवलं. आधीपासून शिकणारेही एकेक करून यायचे बंद झाले. साडीच्या दुकानावरच्या खोलीत आता शिवणकाम चालतं.

आणि माझ्यावर सगळ्यांनी विश्वास ठेवला. मी मालक, मी ओरडणारा. मग विश्वास टिकवायला मी पुन्हा पुन्हा ओरडलो. ओरडता ओरडता काही वर्षं मलाही खरंच वाटायचं की तिने माझं नुकसान केलं. तिचा राग यायचा मला! हे समजतं का तुम्हाला? ज्याचं आपण वाटोळं केलं त्याचाच राग.

हाताची ती स्लाइड मी अजून वापरतो. टण्ण वाजलं की नवी गिऱ्हाइकं विचारतात, “शेठ, हे कोणाकडून शिकलात?” मी सांगतो, “कोणाकडून नाही. स्वतःच शिकलो. आपण सगळं स्वतःच केलेलं आहे.”

मागच्या उन्हाळ्यात ती दिसली. जरीपटक्याच्या बाजारात, एका झेरॉक्सच्या दुकानात, लोकांचे फॉर्म टाइप करून देत होती. तिने मान वर केली, ओळखलं. “कसे आहात, भाऊ?” म्हणाली. सरळ, कडू न होता. मी खिशातला मोबाइल काढून कानाला लावला. कोणाचाही फोन आला नव्हता.

कधी कधी त्या हॉलमधल्या लोकांवरही चिडतो मी. एवढी शिकलेली माणसं, एकानेही तिला विचारू नये की बाई, खरं काय? पण बघा – पुन्हा मी बोट दुसरीकडेच करतो आहे.

म्हणून त्या दिवशी विचारलेलं आज पुन्हा विचारतो. याचा जबाब कोण देईल? त्या हॉलमध्ये जे होतात, त्या तुम्हा सगळ्यांना विचारतो. या वेळी माना मागे वळवू नका. दाराजवळ कोणी नाही. मी पुढेच उभा आहे, भिंतीला पाठ लावून. मला विचारा.