मुदखेडच्या आपा

आपांनी मला कधीच नावानं हाक मारली नाही. मस्कतच्या त्या इस्पितळात केरळच्या नर्स त्यांच्यासाठी कोट्टायम आणि पाला होत्या, तशी मी चाकूर. "नावं लई जणींची सारखी असत्यात. गाव सांगितलं की माणूस सापडतं," असं त्या म्हणत. स्वतः मुदखेडच्या. नवरा वारल्यावर आया म्हणून आलेल्या, आणि तीन वर्षांत एकदाही घरी न गेलेल्या.

पहिले चार दिवस मी जवळजवळ उपाशीच होते. मेसमध्ये माशाचा वास, आणि आमच्या लिंगायताच्या घरात अंडंही येत नसे. पाचव्या दिवशी आपा खोलीत पिठलं घेऊन आल्या. "पातेलं नवं कोरं हाय, तुझ्यासाठीच आणलं. आधी खा, मग रड. उपाशीपोटी रडून चक्कर यील."

त्या वर्षी गावाकडे दुष्काळ होता. दादा, म्हणजे माझे वडील, टँकरची वाट पाहत घागरी घेऊन उभे राहत. इथं न्हाणीघरात तोटी सोडली की माझा हात थांबायचा. आपा बाहेरून ओरडायच्या, "तू पारोशी राहिलीस म्हणून तिकडं घागर भरणार न्हाई!" घरी पत्र लिहायला बसले तरी अडले. लातूर नुकताच जिल्हा झाला होता. पत्त्यात उस्मानाबाद लिहू की लातूर? "दोन्ही लिही. पोस्टमनला लागंल ते घेईल."

त्यांना स्वतःला वाचता येत नव्हतं. भाचा मुदखेडहून मराठीत पत्र लिहायचा. मी आल्यापासून ती मी वाचून दाखवू लागले. "आधी कोण वाचायचं?" मी विचारलं.

"कुणीच न्हाई. हातात धरून बसायची."

सहाव्या महिन्यात तार आली. दादा लातूरच्या दवाखान्यात होते. मला दहा दिवसांची रजा मिळाली. निघताना आपांनी मुदखेडला असलेल्या त्यांच्या अम्मासाठी शाल आणि खजूर दिले. "नुसतं देऊन येऊ नको. घटकाभर तिच्यापाशी बस. कशी दिसते, काय खाते, मला येऊन सांग."

दादा सावरले. शेवटी मुदखेडला जायला एक दिवस मोकळा मिळाला होता, पण त्यांनी माझा हात सोडला नाही, आणि खरं सांगायचं तर माझाही पाय निघेना. नांदेड-मुदखेडकडे निघालेल्या एका ओळखीच्या मास्तरांकडे मी ते पुडकं दिलं.

परत आले तर आपा फाटकातच उभ्या. "भेटली?"

मी हो म्हणाले. मग सांगतच गेले. अम्मांनी चहा पाजला, शाल लगेच अंगावर घेतली, माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

"डोळ्यानं दिसतंय का गं तिला?"

"दिसतंय की."

महिन्याभरात भाच्याचं पत्र आलं. अम्मा गेल्या होत्या. मी वाचत होते आणि आपा भिंतीला टेकून ऐकत होत्या. पुढची ओळ होती, 'शाल एका मास्तरांनी आणून दिली. ती पोरगी का आली नाही, म्हणून नानी दारात बसून राहायची.' ती ओळ मी गाळली.

आपा म्हणाल्या, "तू तरी बसलीस तिच्यापाशी. माझ्या वाटचं बसलीस." पुढं दर शुक्रवारी त्या ती भेट पुन्हा सांगायला लावत. मी सांगत राहिले.

दोन वर्षांनी आपा कायमच्या गावी निघाल्या. पेटी मीच भरली. पत्रांची चळत लावताना अम्मा गेल्याचं ते पत्र हाती आलं. आपा निरोप घ्यायला खालच्या मजल्यावर गेल्या होत्या. काढून घेतलं असतं तर कुणाला कळलं नसतं. तोंडानं सांगायचं धैर्य माझ्यात कधीच आलं नाही. घरी कुणीतरी ते पूर्ण वाचून दाखवेल म्हणून मी ते सगळ्यात वर ठेवलं आणि पेटी बंद केली.

गाडीत बसताना त्यांनी मला पोटाशी धरलं. मुदखेडला पोचल्यावर भाच्याकडून पत्र लिहून घेईन, म्हणाल्या.

ते पत्र आलं नाही.