कोटातली ऊब

गल्लीत तिला सगळे बटणमावशी म्हणत. एक तर ती शिवणकाम करायची, आणि दुसरं म्हणजे माणूस खोलीतून उठला रे उठला की त्याच्यामागे दिवा-पंखा बंद करायची. पाहुणा नुसता हात धुवायला गेला तरी. "मावशीकडे चहा प्यायचा तर कप चाचपून शोधावा लागतो," असं शेजारीण म्हणे, आणि मावशी ऐकून न ऐकल्यासारखं करी.

अशा बाईच्या घरात एक दिवा दिवसरात्र जळतो, हे सांगून कुणाला पटलं नसतं.

तो होता आतल्या खोलीतल्या भिंतीच्या कपाटात. ती भिंत ओल धरायची, कपड्यांना बुरशी लागायची. म्हणून नवऱ्यानं कपाटाच्या तळाशी, जाळीआड चाळीस वॅटचा पिवळा बल्ब लावला होता. नवरा बस चालवायचा. तो गेला आणि त्याचा लोकरी कोट तेवढा कपाटात राहिला. कुणाला तरी देऊन टाकू म्हणून मावशीनं एकदा दार उघडलं, बाहीत हात घातला आणि ती जागीच थिजली. बाही गरम होती. अंगातून आत्ताच काढून ठेवल्यासारखी.

ऊब बल्बची आहे, हे काय तिला कळत नव्हतं? पण त्या दिवसापासून संध्याकाळी शिलाई मशीनवर झाकण घातलं की ती कपाट उघडायची, बाहीत हात सारायची आणि मोरीकडे कान द्यायची. आलाय तो. हातपाय धुतोय. कधीकधी पाणी पडल्याचा आवाज खरंच यायचा. मग ती हळूच दार लावून घ्यायची.

लेक कारखान्यात यंत्रांची देखभाल करायची. तिनं एक नवं खूळ आणलं. मीटरशेजारी एक डबी बसवली. घरात कधी किती वीज जाते ते मोबाइलवर दिसायचं.

"आई, सगळं बंद केलं तरी काहीतरी वीज खातंय."

"मीटर म्हातारा झालाय."

"नवा आहे गं!"

"मग आगाऊ असेल."

लेक गप्प बसणारी नव्हती. एकेक वायर धरत ती कपाटापर्यंत पोचलीच. "कमाल झाली! चार्जर लावून ठेवला म्हणून माझा उद्धार करतेस, आणि हे काय?"

"ओल येते गं," मावशी एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मावशी शिवलेले कपडे पोचवायला गेली होती. ती परतली तेव्हा लेक खुशीत होती. "जुना बल्ब काढून टाकला. एलईडी लावलाय. उजेड जास्त, आणि वीज चिमणीच्या घासाएवढी!"

मावशीनं बाहीत हात घातला. इस्पितळात शेवटी त्याचा हात धरला होता, तो असाच गार होता. मोरीत चिटपाखरू नव्हतं.

"छान आहे," ती म्हणाली.

आठवडाभरात लेकीच्या मोबाइलवर नवंच कोडं उभं राहिलं. सकाळचा नेहमीचा चढ सोडला तर दिवसभर रेघ सपाट, आणि संध्याकाळी एकदम डोंगर. जुन्या बल्बच्या कितीतरी पट वीज, तेवढ्या थोड्या वेळात. "इस्त्री असणार," तिनं ताडलं. "पण आई तर कपडे सकाळी इस्त्री करते."

ती कामावरून लवकर आली. आतल्या खोलीत कपाटातल्या एलईडीचाच काय तो उजेड होता. मावशी कोटाच्या बाहीवरून इस्त्री फिरवत होती. फिरवून झाल्यावर तिनं कोट कपाटात टांगला आणि बाहीत हात सारला.

"आई? काय करतेयस?"

"शू! तो हातपाय धुतोय."

'आई, तो बल्ब कशासाठी होता ते मला सांगायचंस ना,' असं काहीतरी लेक म्हणणार होती. पण ती जवळ गेली आणि तिनं दुसऱ्या बाहीत हात घातला.

मोरीत पाणी पडत होतं.

नळ बंद करायला म्हणून लेकीनं पाऊल उचललं. मावशीनं तिच्याकडे पाहिलं. लेकीनं पाऊल मागे घेतलं.