फळ्यावरची गाळलेली ओळ

१४ एप्रिल, रविवार, सकाळी सात. मुलुंड पूर्वेला आमच्या सोसायटीच्या गेटजवळचा फळा. हजर: माझे वडील, म्हणजे अण्णा, वय शहाऐंशी, दिवसपाळीचा वॉचमन, दुसऱ्या मजल्यावरच्या मालवणी काकी, हातात दुधाची पिशवी. गैरहजर: मी. सव्वासहाला फळा लिहून मी विहारात खिरीच्या पातेल्यापाशी गेले होते. माझा भाऊ बोरिवलीला त्याच्या घरी झोपला होता.

ही हजेरी मी नंतर चौकशी करून लिहिली. पोलीस चौकीत विचारणार होतेच, शेवटचं कोणी पाहिलं, किती वाजता, अंगात काय होतं. कोणतंही काम हातात घेताना आधी कोण कोण आहे ते लिहायचं, ही सवय मला अण्णांनीच लावली.

अण्णा वाकोल्याच्या एका शाळेत शिक्षक होते. शाळेच्या फळ्यावर रोजचा दिनविशेष लिहायचं काम त्यांचं. आजच्या तारखेला पूर्वी काय काय घडलं, कोण जन्मलं, कोण गेलं. त्यासाठी त्यांनी एक जाड वही केली होती, प्रत्येक तारखेला एक पान, एकोणतीस फेब्रुवारीसुद्धा. निवृत्त झाल्यावर तो फळा सोसायटीच्या गेटपाशी आला आणि लोकांना त्याची सवय झाली. अण्णांची स्मरणशक्ती ढासळायला लागली तेव्हा हात थरथरतो म्हणून खडू मी घेतला. वही तीच, क्रम तोच. ते रोज सातला काठी टेकत खाली जायचे, फळा मोठ्यानं वाचायचे, काना-मात्रा तपासायचे आणि वर येऊन चहा प्यायचे. आजचा वार, घरातली माणसं, सकाळचं जेवण झालं की नाही, यातल्या कशाचीच त्यांना खात्री नसायची. फळ्याची असायची. फळ्यावर आहे म्हणजे घडलं.

चौदा एप्रिलच्या पानावर पाच नोंदी आहेत. पहिली जयंतीची, ती निळ्या खडूनं. दुसरी: १९४४, मुंबईच्या गोदीत दारूगोळ्याच्या जहाजाचा स्फोट. तिसरी: अग्निशमन सेवा दिन, कारण त्या स्फोटाची आग विझवायला गेलेले जवान परत आले नाहीत. चौथी: १९१२, महाकाय प्रवासी जहाज हिमनगावर आदळलं. पाचवी: १८६५, अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांवर नाट्यगृहात गोळी झाडली गेली.

दुसऱ्या नोंदीबद्दल अण्णा वर्गात कधी जास्त बोलले नाहीत. त्यांचे वडील, ज्यांना ते बा म्हणत, त्या दिवशी गोदीत कापसाच्या गाठी उतरवायला गेले होते. अण्णा तेव्हा सहा वर्षांचे होते. बा परत आला नाही आणि त्याचं काही सापडलंही नाही. स्फोटानं कोणाच्या घरात जहाजावरच्या सोन्याच्या विटा येऊन पडल्या, याच्या गोष्टी लोक वर्षानुवर्षं सांगत राहिले. आमच्या घरात काही येऊन पडलं नाही. त्यामुळे आमच्याकडे चौदा एप्रिलला सकाळी खीर आणि दुपारी चारला, स्फोटाच्या वेळेला, पाच मिनिटं गप्प बसणं, असा रिवाज होता. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांच्याच घरी जयंती अशी असते.

गेल्या वर्षी मी पाचही नोंदी लिहिल्या. दुसरी ओळ वाचून अण्णा फळ्यासमोर खाली बसले आणि दिवसभर रडत राहिले. सहा वर्षांच्या पोरासारखे, हुंदके देत. संध्याकाळी विचारलं, "कोणी सांगायला का नाही आलं?" मग आमटी-भात जेवले आणि झोपले. त्याच दिवशी मी यंदाच्या कामांच्या यादीत लिहून ठेवलं: चौदा एप्रिल, दुसरी व तिसरी ओळ गाळणे.

तसं मी केलं. जागा रिकामी दिसू नये म्हणून तमिळ नववर्ष टाकलं. काम झालं, खूण केली, विहारात गेले.

साडेआठला काकींचा फोन आला, अण्णा तुझ्याकडे आलेत का. मी म्हटलं, माझ्याबरोबर नाहीत. त्या म्हणाल्या, वर नाहीत, खाली नाहीत, गच्चीवर नाहीत.

मी पळत आले. आधी यादी केली: हॉस्पिटल, बाग, न्हावी, स्टेशन, जुन्या सहकाऱ्याचं घर, मासळीबाजार. भावाला फोन केला, त्याच्याकडे वाकोल्याची शाळा दिली. फोटो सगळ्यांना पाठवला. चौकीत गेले, तिथे बंदोबस्ताची गडबड, तरी हवालदारानं वर्णन लिहून घेतलं. रस्त्यावर मिरवणुकांची तयारी चालू होती, सगळीकडे निळे झेंडे आणि पांढऱ्या सदऱ्यातले म्हातारे. प्रत्येक पांढऱ्या सदऱ्यामागे मी धावले. साडेदहापर्यंत यादीतलं सगळं खोडून झालं. यादी संपली की पुढे काय करायचं, हे मला माहीत नव्हतं. मी जिन्यात बसले. 

काकी पाणी घेऊन आल्या. म्हणाल्या, "तुज्या यादीत सगळा गावता गो, बापूस सोडून." मग शेजारी बसल्या आणि वॉचमनला हाक मारली.

सकाळी मी त्याला फक्त वेळ विचारली होती. आता त्यानं सगळं सांगितलं ते असं. अण्णांनी फळा वाचला. परत वाचला. मग त्याला विचारलं, खाली अजून काही लिहिलेलं होतं का, कोणी पुसलं का. तो म्हणाला, नाही, मॅडमनी एवढंच लिहिलंय. अण्णांनी फळ्यावरून तळहात फिरवला आणि हसले. वर जाऊन आले. जाताना खूप खुश होते. खांद्यावर धुतलेला पंचा होता.

पंचा ऐकला आणि मला कळलं.

बा गोदीतून घरी यायचा तेव्हा घाटकोपरला त्यांच्या वस्तीच्या तोंडाशी एक दगडी पाणपोई होती. अंगावर कापसाची धूळ असायची. अण्णा तिथे पंचा घेऊन उभे राहायचे. बा हात-तोंड धुवायचा, पंच्याला पुसायचा आणि मगच पोराला उचलून घ्यायचा. ही गोष्ट मी शंभरदा ऐकली होती. माझ्या यादीत ती नव्हती, कारण ती माझ्या लेखी जागा नव्हती, गोष्ट होती.

फळ्यावर नाही म्हणजे घडलं नाही. स्फोट झालाच नाही. म्हणजे बा कामावर गेलाय आणि संध्याकाळी येणार.

मिरवणुकांनी रस्ते अडले होते, घाटकोपरला पोचायला एक वाजला. ते तिथेच सापडले. पाणपोई अजून आहे, कोरडी. तिच्या कट्ट्यावर एक जण मोबाइलची कव्हरं विकतो. त्याच्या शेजारी अण्णा बसले होते, मांडीवर पंचा, सदऱ्याला निळी फीत, हातात सरबताचा ग्लास. मुलुंडहून मिरवणुकीला निघालेल्या बायकांनी त्यांना टेम्पोत पुढे बसवून आणलं होतं. घाटकोपरला जायचंय, तिथे वडील भेटणार आहेत, असं अण्णांनी त्यांना सांगितलं होतं. बायकांना वाटलं, वडील म्हणजे ज्यांची जयंती ते, आजच्या दिवशी म्हातारा असंच बोलणार.

मी त्यांचे पाय धरले, ओरडले, रडले, यातलं काही त्यांच्यापर्यंत पोचलं नाही. ते इतके आनंदात होते की मला त्यांची भीती वाटली. भाऊ आला. रिक्षा आणली. अण्णा उठायला तयार नव्हते. ओढलं तर लोक आमच्याकडे बघायला लागले. शेवटी आम्ही दोघंही त्या कट्ट्यावर बसलो.

चार वाजले. समोरून मिरवणूक जात होती, ढोलांचा आवाज छातीत बसत होता. अण्णांनी माझं मनगट धरून घड्याळ पाहिलं. सव्वाचारला परत पाहिलं. साडेचारला परत. मग माझ्याकडे वळून अगदी हळू म्हणाले, "बघ. काही झालं नाही."

माझ्या वडिलांना मी इतकं सुखी कधी पाहिलं नव्हतं. लग्नात नाही, नातवंडांच्या बारशाला नाही. आणि मला ते पाहवत नव्हतं.

साडेसहानंतर त्यांचे ओठ सुकायला लागले, तरी हलेनात. तेव्हा भावानं आपल्या मनानं सांगून टाकलं, की गोदीतून निरोप आलाय, बाला दुसरी पाळी करायला सांगितलीय, तो उद्या येईल. अण्णा लगेच उठले. पंच्याची घडी घातली. रिक्षात बसताना म्हणाले, उद्या घरीच येईल तो, पत्ता दिलाय ना?

वाटेत मी भावाला म्हटलं, हे काय केलंस. तो म्हणाला, "ओळ तू खाल्लीस ताई. मी फक्त त्यांना घरी आणलं."

आज पंचवीस तारीख आहे. फळ्यावर अजून चौदा एप्रिल आहे.

पंधराला सकाळी मी फडकं घेऊन गेले तर अण्णा मध्ये उभे राहिले. बा आल्याशिवाय तारीख बदलायची नाही. तेव्हापासून ते रोज सातला खाली जातात आणि फळ्याखालच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसतात. ऊन आलं की वॉचमन खुर्ची सरकवतो. सोसायटीच्या ग्रुपवर कोणीतरी लिहिलं, आमच्याकडे महागाई वाढते पण तारीख वाढत नाही. चेअरमननी मला बाजूला घेऊन सभेची सूचना लावायला फळा कधी मोकळा होईल ते विचारलं. मी म्हटलं, कळवते.

हेही निभावलं असतं. जेवणाचं निभत नाही. अण्णा ताटातली भाकरी मोडून अर्धी बाजूला ठेवतात, भाताचा अर्धा ढीग करतात, वर ताटली झाकतात. बा दोन पाळ्या करून उपाशी येईल म्हणून. गेल्या चार दिवसांत उरलेलं अर्धंही जात नाही. तो आला की बसू बरोबर, म्हणतात. मी जास्त वाढलं तर जास्त झाकतात. दुसरं ताट वाढून ठेवलं, तर त्यांचं ताटही तसंच राहिलं. पायजम्याची नाडी रोज थोडी जास्त आवळावी लागते. डॉक्टर घरी येऊन गेले. म्हणाले, त्यांच्या कल्पनेशी भांडू नका, पण त्यांच्या पोटात अन्न गेलंच पाहिजे, या वयात असे फार दिवस निघत नाहीत. या दोन्ही सूचना मी एका कागदावर एकाखाली एक लिहिल्या. एक पाळली की दुसरी मोडते.

भाऊ म्हणतो, खोटं का होईना, ऐंशी वर्षांनी त्या माणसाला बाप मिळालाय, तू काढून घेऊ नकोस. काकी रोज दूध घेऊन येताना फळ्यापाशी थांबतात. परवा जिन्यात माझा हात धरून म्हणाल्या, "लिवून टाक गो बाये. येक दिस रडतले, पन जेवतले तरी."

गेल्या वर्षी तसंच झालं होतं, मलाही माहीत आहे. पण गेल्या वर्षी ते आत कुठेतरी त्यांना ठाऊक होतं, फळ्यानं नुसती आठवण दिली. आता ठाऊक नाही. आता ती ओळ म्हणजे बातमी असेल, आणि ती आणणारी मी. कोणी सांगायला का नाही आलं, असं त्यांनी गेल्या वर्षी विचारलं होतं. ते सांगायला जाणारं माणूस आता मी आहे.

आज पहाटे ठरवलं. यादीत पहिलंच काम लिहिलं. सहाला खाली गेले. तमिळ नववर्षाची ओळ पुसली, त्या जागी १९४४ लिहिलं, स्वल्पविराम दिला. पुढे हात चालेना. खडू तिथेच टेकवून किती वेळ उभी होते कोण जाणे. मागे काठीचा आवाज आला. अण्णा होते, खांद्यावर पंचा. आज लवकर उठले होते.

त्यांनी फळा वाचला. १९४४ पाशी थांबले. मला वाटलं, आठवेल. आठवलं तर बरं, मला लिहावं लागणार नाही. ते माझ्याकडे बघून शाळेतल्या आवाजात म्हणाले, "अर्धी ओळ ठेवू नये. पुढचं लिही."

मी म्हटलं, खडू संपला अण्णा, वरून आणते.

बरं म्हणाले आणि खुर्चीत बसले.

आता दुपारचा दीड झालाय. वरच्या खिडकीतून त्यांचं डोकं दिसतं, आणि फळ्याचा कोपरा. दोनदा वॉचमनबरोबर निरोप आला, खडू मिळाला का. गॅसचा नंबर लावला, औषधं आणली, भाकरी केली, डॉक्टरांना फोन झाला. या सगळ्यावर खूण आहे. खडूंची पेटी समोर टेबलावर आहे, भरलेली. पहिलं काम तेवढं राहिलंय.