कॅन खाली ठेवा

मंगळवारी सकाळी पिकअपमध्ये ठेवलेल्या कॅनमध्ये पेट्रोल भरताना आक्का भाजली. शुक्रवारी ती दवाखान्यात वारली.

आक्का माझी थोरली बहीण. नवरा गेल्यावर ती ओझरच्या रस्त्यावरच्या एका पेट्रोल पंपावर कामाला लागली. साडीवर खाकी शर्ट घालून दिवसभर उभी असायची. गोड बोलणं तिला कधी जमलं नाही. फवारणीच्या यंत्रासाठी पेट्रोल न्यायला आसपासचे बागायतदार कॅन घेऊन येत. कुणी गाडीतच कॅन ठेवून भरायला सांगितला, की ती नळी हातात धरून नुसती उभी राही.

"कॅन खाली ठेवा, दादा."

"भरा हो, एवढं काय त्यात."

"मग वहिनींना फोन लावा आधी. जळाल्यावर ओळखायला कुणीतरी पायजे."

माणसं चिडायची, पण कॅन खाली ठेवायची. एकदा एका म्हाताऱ्याने पाण्याची रिकामी बाटली पुढे केली. आक्काने ती घेऊन रस्त्यापलीकडे भिरकावली. "बाबा, सरण रचलंय का घरी?" म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं. हे तिनेच मला जेवताना सांगितलं. मी म्हटलं, "असं बोलतात का?" भाकरी मोडत ती म्हणाली, "रडू दे. जिता हाय ना."

मी वाचनालयात काम करतो. घरात माझा आवाज फारसा कुणाला ऐकू येत नाही. गाडीत कॅन भरला तर काय होतं, असं मी एकदा तिला विचारलं. "गाडीत खाली प्लास्टिक, त्यावर द्राक्षांचे क्रेट. पेट्रोल पडतं तसा कॅनमध्ये करंट साठत जातो. जमिनीवर ठेवला की उतरून जातो." मग माझ्याकडे नीट बघून म्हणाली, "तुला कुठंबी ठेवला तरी धोका नाय."

तिच्या बोलण्याच्या तक्रारी मालकाकडे जायच्या. शेवटी त्याने गिऱ्हाइकांसमोरच तिला सुनावलं, "आणखी एक तक्रार आली तर दुसऱ्या दिवसापासून येऊ नका, बाई." तिची मुलगी नर्सिंगला होती. घर आणि शिक्षण दोन्ही त्या नोकरीवर चालत होतं. मी म्हटलं, "सोड ती नोकरी, मी आहे."

"आणि पोरीला काय तुझी पुस्तकं शिजवून घालू?"

पुढचं मला तिच्याबरोबर काम करणाऱ्या झुंबरबाईंनी सांगितलं. त्या मंगळवारी एका बागायतदाराची पिकअप आली. मागे क्रेट दोराने आवळलेले, आणि कॅन त्यांच्या मधे अडकवलेला. तो गाडीतून उतरला नाही.

"कॅन खाली ठेवा, दादा."

"दोर कोण सोडत बसणार? मालकाला बोलावू का?"

मालक ऑफिसच्या दारातच उभा होता. "भरा, बाई," तो म्हणाला.

आक्का झुंबरबाईंना म्हणाली, "वाळूची बादली जवळ आण." बागायतदाराला म्हणाली, "गाडी तरी बंद करा." त्याने गाडी बंद केली. ती मागच्या चाकावर पाय देऊन वर चढली आणि नळी कॅनमध्ये घातली. कॅन भरत आला तेव्हा ठिणगी पडली. वाळू टाकायला झुंबरबाईंबरोबर दोघे धावले. बागायतदार दार उघडून पळाला, त्याला काही झालं नाही. मालकालाही नाही.

दवाखान्यात आक्काच्या अंगभर पट्ट्या होत्या, तोंड तेवढं उघडं होतं. मी वाकून हाक मारली. बऱ्याच वेळाने तिचे ओठ हलले.

"बापू, मालकाला सांग. गिऱ्हाइकाची तक्रार नाय आली."

त्यानंतर ती बोलली नाही.

तिची मुलगी आता माझ्याकडे राहते. पंप सुरू आहे. सुरुवातीला काही दिवस तिथे कॅन जमिनीवर ठेवून भरत होते. आता द्राक्षांचा हंगाम आहे, गाड्यांची रांग असते. कॅन गाडीतच भरतात.